मेकाँगच्या कड्यावर पिकणारे मीठ

पूर्व तिबेटात साल्वीन, मेकाँग आणि यांगत्से या तीन महानद्या शेजारीशेजारी दक्षिणेकडे वाहतात. पुढे त्यांच्या वाटा फुटतात आणि त्या अंदमानचा समुद्र, दक्षिण चिनी समुद्र आणि पूर्व चिनी समुद्र गाठतात. हेंगदुआन पर्वतात मात्र त्यांच्या खोल दऱ्यांना एकेकच डोंगररांग अलग करते. यांपैकी मधली नदी मेकाँग. तिबेटी लोक तिला झाछू म्हणतात, चिनी लोक लान्सांग. तिच्या दरीत, तिबेट आणि युनान प्रांताच्या सीमेजवळ, यानजिंग नावाची ग्रामीण वसाहत आहे. तिबेटी लोक तिला त्साखालो म्हणतात आणि जुन्या फ्रेंच मिशनऱ्यांच्या लिखाणात ती येरकालो म्हणून येते. छाम्दो विभागाच्या मारखाम तालुक्यातला हा गावसमूह तिबेट स्वायत्त प्रदेशातली नाशी जमातीची एकमेव वसाहत म्हणून नोंदलेला आहे.

तिबेटच्या मानाने ही जागा बरीच खाली आणि उबदार आहे. तालुक्याचे ठाणे ३,८०० मीटरहून उंचावर, तर यानजिंगजवळ नदीचे पात्र अडीच हजार मीटरच्याही खाली. दक्षिणेला ६,७४० मीटर उंचीचे कावागेबो शिखर आहे. तिबेटी बौद्धांसाठी ते इतके पवित्र आहे की भाविक त्याची प्रदक्षिणा करतात. त्याच्या माथ्यावर आजवर कोणी पोचलेले नाही. पश्चिमेकडच्या उंच रांगा पावसाळी ढगांतला ओलावा अडवतात, त्यामुळे दरीच्या तळाला पाऊस कमी पडतो. ऊन कडक असते आणि दुपारनंतर दरीतून जोराचा वारा सुटतो. ऊन, वारा आणि कोरडी हवा ही मीठ पिकवण्याची सारी सामग्री निसर्गाने इथे एकत्र आणली आहे. समुद्र मात्र शेकडो किलोमीटर दूर.

समुद्राची उणीव भरून काढतात नदीकाठचे खारे झरे. जमिनीखालच्या क्षारांच्या थरांतून वर येणारे हे पाणी कोमट असते. नदीचे गोडे पाणी त्यात मिसळू नये म्हणून झऱ्यांभोवती भिंती घालून विहिरी बांधल्या आहेत. उरण-पेणच्या मिठागरांना भरतीचे पाणी आणि सपाट खाजण आयते मिळते. इथे कड्याखेरीज जमीन नाही. म्हणून गावकऱ्यांनी उतारावर लाकडी खांब रोवले, त्यांवर आडव्या तुळया आणि फळ्या टाकल्या आणि वर माती चोपून वाफे तयार केले. असे सुमारे ३,००० वाफे नदीच्या दोन्ही तीरांवर एकावर एक चढत गेले आहेत.

विहिरीतले पाणी आधी साठवण-कुंडात मुरवतात, म्हणजे ते अधिक खारे होते. मग ते वाफ्यांत पातळ पसरतात. हवा चांगली असली की दोन-तीन दिवसांत मीठ धरते. ते खरवडून, निथळवून गोळा करतात. वरचा थर सर्वांत स्वच्छ, तो माणसांच्या खाण्याचा; मातीला लागलेला खालचा थर गुराढोरांसाठी. मातीतून झिरपलेले पाणी फळ्यांखाली लोंबत सुकते आणि वाफ्यांच्या पोटाला मिठाचे शुभ्र सुळके धरतात. पूर्व तीरावरचे मीठ पांढरे आणि पश्चिम तीरावरचे तांबूस. पाणी दोन्हीकडे खारेच. रंगातला फरक वाफ्यांत घातलेल्या तांबड्या मातीचा. मार्च ते मे या काळात, पीचची झाडे फुलतात तेव्हा निघणाऱ्या मिठाला सर्वाधिक मान आहे आणि त्याला ‘पीचफुलांचे मीठ’ म्हणतात. पुढे पावसाळ्यात नदी फुगते, विहिरी पाण्याखाली जातात आणि काम थांबते.

हे काम पिढ्यान् पिढ्या बायकांनी केले आहे. पाठीवर लाकडी पिंप घेऊन विहिरीत उतरायचे, भरलेल्या पिंपासह शिडी आणि पायवाट चढायची, वाफा भरायचा आणि पुन्हा खाली जायचे, असा त्यांचा दिवस. पुरुष खेचरांचे तांडे घेऊन मीठ विकायला निघत आणि बदल्यात धान्य आणत. युनानचा चहा तिबेटात नेणारा प्राचीन व्यापारी मार्ग याच दरीतून जात होता. तिबेटी माणूस चहा पितो तो लोणी आणि मीठ घालून. त्यामुळे चहाच्या वाटेवर मिठाचे गाव असणे ही मोठी दौलत होती. या दौलतीवर अनेकांचा डोळा राहिला. स्थानिक सरदार, मठ आणि चिंग साम्राज्याचे अधिकारी यांच्यात मिठाच्या करावरून झगडे झाले. गेसर राजाच्या महाकाव्यात जांग आणि लिंग या राज्यांचे युद्ध मिठाच्या मालकीवरून पेटते, आणि इथले लोक त्या कथेचे नाते आपल्या विहिरींशी जोडतात.

नाशी लोक इथे आले ते दक्षिणेकडच्या लिजियांगहून. तिथल्या मू घराण्याच्या सरदारांनी मिंग काळात उत्तरेकडे सत्ता वाढवली, तेव्हा त्यांची माणसे या दरीत स्थिरावली. आज खालच्या यानजिंगमध्ये प्रामुख्याने नाशी घरे आहेत, वरच्या यानजिंगमध्ये आणि पश्चिम तीरावर तिबेटी. शतकांच्या शेजारामुळे नाशी लोकांनी तिबेटी भाषा, पेहराव आणि बौद्ध धर्म आपलासा केला आहे. गावात गेलुग पंथाचा मठही आहे.

वरच्या यानजिंगमध्ये तिबेट स्वायत्त प्रदेशातले एकमेव कॅथलिक चर्चही आहे. १८६५ साली फ्रेंच मिशनरी इथे येऊन राहिले. त्यांनी द्राक्षांची लागवड आणली; गावात आजही घरोघरी द्राक्षांचे मद्य बनते. मिशनचा इतिहास रक्तरंजितही आहे. १९४५ मध्ये इथे नेमलेले स्विस धर्मगुरू मॉरिस टोर्ने यांना पुढच्याच वर्षी हुसकावून लावण्यात आले. दलाई लामांकडे दाद मागण्यासाठी ते वेषांतर करून ल्हासाकडे निघाले, पण वाटेतून परत फिरवले गेले आणि ११ ऑगस्ट १९४९ रोजी त्यांची हत्या झाली. १९९३ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना ‘धन्य’ घोषित केले. त्या कडवट काळानंतर गावाने सलोख्याची रीत घडवली, हे विशेष. एकाच कुटुंबात बौद्ध आणि ख्रिस्ती माणसे एका चुलीवर जेवतात. चर्चमधली प्रार्थना तिबेटीत होते. नाताळला बौद्ध शेजारी येतात आणि सगळे मिळून फेर धरून नाचतात.

या मिशनची एक खूण प्राणिशास्त्रातही राहिली आहे. मारखामच्या थंड अरण्यांत काळ्या-पांढऱ्या केसांचे, जाड गुलाबी ओठांचे आणि वर वळलेल्या नाकाचे दुर्मीळ माकड राहते. १८९७ मध्ये त्याला मिळालेल्या शास्त्रीय नावातला ‘बिएटी’ हा शब्द तिबेट मिशनचे फ्रेंच बिशप फेलिक्स बिए यांच्या सन्मानार्थ आहे.

आता तांडे संपले. युनान-तिबेट महामार्ग गावावरून जातो, बाजारात आयोडीनयुक्त मीठ स्वस्तात मिळते आणि पाणी वर चढवायला विजेचे पंप आले आहेत. पाठीवरचे ओझे कमी झाले हे चांगलेच झाले. उन्हात मीठ सुकवण्याच्या इथल्या कौशल्याला २००८ मध्ये चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले आणि पर्यटकही येऊ लागले. पण वाफ्याची माती दरवर्षी चोपावी लागते, कुजलेली फळी बदलावी लागते, आणि तरुण पिढीपुढे याहून सोपे रोजगार आहेत. मेकाँगच्या या वरच्या टप्प्यात मोठ्या जलविद्युत धरणांच्या योजनाही आहेत. पात्रालगतच्या विहिरींना नदीची पातळी बदलणे परवडणारे नाही.

वारशाच्या यादीत नाव लागले म्हणून वाफा टिकत नाही. त्यावर काम करणाऱ्याला मिठाचा रास्त भाव मिळाला आणि नदीचे ऋतुमान शाबूत राहिले तरच तो टिकेल. यानजिंगच्या मिठागरांचे रक्षण करायचे असेल, तर त्याची सुरुवात पिंप वाहणाऱ्या बायकांच्या मिळकतीपासून आणि त्या विहिरींजवळच्या नदीपासूनच करायला हवी.