'मानभावी' या शब्दामागचा पंथ

जुनी पाने, नवे वाचन : लेखांक ७

गेल्या आठवड्यात मुकुंदराज आणि 'विवेकसिंधू'च्या काळाचा वाद पाहिला. आज चक्रधरस्वामींकडे वळू, पण एका शब्दाच्या वाटेने. तोंडावर गोड बोलणाऱ्या आणि मनात वेगळेच असणाऱ्या माणसाला आपण 'मानभावी' म्हणतो. हा शब्द 'महानुभाव'वरून, म्हणजे चक्रधरांनी स्थापन केलेल्या पंथाच्या नावावरून आला. ज्या पंथाने मराठीला तिचा पहिला मोठा गद्यग्रंथ दिला, त्याच्याच नावाची मराठीने शिवी केली.

असे का झाले? हे लोक इतर देवदेवतांची पूजा करत नसत, त्यामुळे भोवतालच्या समाजाला ते परके वाटत. शिवाय त्यांच्या पोथ्या कुणाला वाचता येत नसत. धर्मग्रंथ परक्याच्या हाती पडू नयेत म्हणून पंथाने सांकेतिक लिप्या तयार केल्या होत्या. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध म्हणजे सकळ लिपी. तिच्यात एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर किंवा खूण येते. किल्ली हाती नसेल तर पोथी उघडूनही मुकीच राहायची. जे वाचता येत नाही त्याबद्दल माणसे तर्क लढवतात, आणि शेकडो वर्षे तेच होत राहिले.

विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपी उलगडली आणि चित्र पालटू लागले. वि. ल. भावे यांनी 'महाराष्ट्र सारस्वता'त या वाङ्मयाला जागा दिली. पुढे यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने आणि वि. भि. कोलते यांनी पोथ्या मिळवण्यात, ताडून पाहण्यात आणि छापण्यात आयुष्याची वर्षे घातली. कोलत्यांनी संपादित केलेले 'लीळाचरित्र', म्हणजे तोच पहिला मोठा गद्यग्रंथ, १९७८ साली राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले.

त्यांच्या हाती काय लागले? भरुचहून आलेल्या एका गुजराती पुरुषाचे मराठी बोलणे. चक्रधर निघून गेल्यावर म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांना आणि इतर शिष्यांना विचारून एकेक आठवण गोळा केली. पुढे धाडीत मूळ प्रत हरवली, तेव्हा ज्यांना ती पाठ होती त्यांच्या तोंडून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. म्हणूनच त्याचे अनेक पाठ आहेत. कुणाची आठवण वेगळी असेल तर तीही नोंदवलेली आढळते. स्वामी कोणत्या गावी, कोणत्या देवळात बसले, सोबत कोण होते, जेवायला काय होते, सगळे तिथे आहे. यादवकाळातले राजे ताम्रपटांत भेटतात. त्याच काळातली भांडणारी, आजारी पडणारी, भाबडे प्रश्न विचारणारी माणसे भेटायची असतील, तर मात्र 'लीळाचरित्र'च उघडावे लागते.

पुनर्विचार इथेच थांबला नाही. पोथ्या वाचल्या गेल्यावर अनेकांनी चक्रधरांना थेट आधुनिक समाजसुधारक ठरवले. त्यांनी स्त्रियांना आणि शूद्रांना मोक्षाचा अधिकार दिला, विटाळ मानला नाही, हे खरेच आहे. परंतु अमेरिकन अभ्यासक ख्रिश्चन ली नोवेत्स्की यांनी २०१६ सालच्या ग्रंथात एका गोष्टीकडे लक्ष वेधले. आरंभीच्या अनुयायांत ब्राह्मण मोठ्या संख्येने होते, आणि समतेचा आग्रह मुख्यतः पंथाच्या आतल्या जीवनापुरता होता. मला ही मांडणी मोलाची वाटते. शिवी देणाऱ्यांनी पोथी वाचली नव्हती, आणि नुसता जयजयकार करणाऱ्यांनीही ती अर्धीच वाचली. तेराव्या शतकातल्या माणसाचे मोठेपण त्याच्या काळातच मोजले पाहिजे. त्या काळात संस्कृत सोडून साध्या बायाबापड्यांच्या भाषेत मोक्षाची गोष्ट सांगणे ही केवढी मोठी उडी होती!

ही भाषा पंथाने निष्ठेने जपली. पुढे महानुभाव मठ पंजाब, पेशावर, काबूलपर्यंत गेले, आणि घरी दुसरी भाषा बोलणारे साधकही तिथे मराठी पोथ्या वाचत राहिले. स्वामी ज्या भाषेत बोलले, ती त्यांच्या लेखी धर्मभाषाच होती.

'मानभावी' हा शब्द आता कोशातून काढता येणार नाही, काढूही नये. आपण न वाचता काय ठरवून बसलो होतो, याची ती खूण आहे. पुन्हा तो ओठांवर आला की क्षणभर थांबून म्हाइंभटांची आठवण काढावी, एवढेच मागणे.

पुढील लेखांकात : चक्रधरांना प्रश्नामागून प्रश्न विचारणारी महदाइसा आणि तिचे 'धवळे'.