कूस कोणी बदलायची?

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या केसपेपरवर डॉक्टरांची सही असते, औषधांच्या तक्त्यावर सिस्टरची असते. त्याला दिवसरात्र या कुशीवरून त्या कुशीवर वळवणारी मावशी, वॉर्डबॉय किंवा ब्यूरोतून आलेली बाई मात्र बहुधा कुठल्याच कागदावर नसते. हे वरकाम आहे, अंगात ताकद असली की झाले, अशी आपली समजूत असते. ती समजूतच चुकीची आहे. कूस बदलणे हा उपचार आहे. आणि उपचार म्हटला की शिक्षण, मनुष्यबळ आणि जबाबदारी ही तिन्ही ओघाने येतात. आपण यांतली पहिली दोन टाळतो आणि तिसरी तेवढी मावशीच्या गळ्यात बांधतो.

त्वचेतल्या केशवाहिन्यांत रक्ताचा दाब जेमतेम ३० मिलीमीटरच्या आसपास असतो. साध्या गादीवर उताणे पडलेल्या माणसाच्या माकडहाडाखाली आणि टाचांखाली त्याहून कितीतरी जास्त दाब पडतो. आपण झोपेतही नकळत हलतो, म्हणून वाचतो. ज्याला हलता येत नाही त्याच्या त्या जागेचे रक्त अडते आणि हाडालगतचे मांस आतून मरू लागते. वर दिसणारी जखम बऱ्याचदा आतल्या पोकळीचे नुसते तोंड असते. दर दोन तासांनी कूस बदलण्याचा रिवाज यातूनच आला. गादी आणि प्रकृती पाहून ती वेळ कमी-जास्त होते. पण घड्याळाइतकीच पद्धतही महत्त्वाची. खाली घसरलेल्या रुग्णाला काखेत हात घालून वर ओढले, की कातडी चादरीला चिकटून राहते, आतले हाड पुढे सरकते आणि मधल्या रक्तवाहिन्या पिळवटतात. म्हणून पाठीखाली आडवी चादर घालायची, दोघांनी दोन्ही बाजूंनी तिच्या गुंडाळ्या धरायच्या आणि एका तालात उचलून सरकवायचे. कुशीवर करताना अगदी आडवे करायचे नाही, नाहीतर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी देऊन साधारण ३० अंश कलते ठेवायचे. पोटऱ्यांखाली उशी अशी ठेवायची की टाचा अधांतरी राहतील.

यावर कोणी म्हणेल, घरोघरच्या सुना-लेकींनी हे कुठल्याही कोर्सशिवाय केलेच की. केले, आणि मायेने केले. पण मायेबरोबर चुकाही वारशाने आल्या. लाल झालेली जागा स्पिरिट-पावडर लावून चोळायची, बसायला हवेची रबरी रिंग द्यायची, हे आजही अनेक घरांत चालते. चोळण्याने आधीच दुखावलेले मांस आणखी फाटते आणि रिंगच्या कडेने भोवतालचे रक्त अडते. सावळ्या कातडीवर तर लाली दिसतही नाही. तिथे हाताच्या पाठीने ऊब तपासावी लागते, कातडी टणक लागते की भुसभुशीत ते चाचपावे लागते. पक्षाघात झालेल्या रुग्णाला लुळ्या हाताला धरून उठवले तर खांदा निखळू शकतो. बरेच दिवस पडून असलेल्याला एकदम उभे केले तर रक्तदाब उतरून तो कोसळतो. आधी पाय खाली सोडून थोडा वेळ पलंगाच्या काठावर बसवावे लागते. हे सांगितल्याशिवाय कळणाऱ्यातले नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा: प्रत्येक वेळी दोन माणसे आणायची कुठून? पण इथे आणखी एका शरीराचा हिशेब आहे, उचलणारीच्या पाठीचा. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संशोधन संस्थेच्या सूत्रावरून २००७ साली रुग्ण उचलण्याची मर्यादा काढली गेली, ती अनुकूल परिस्थितीतही सुमारे १६ किलो. साठ किलोच्या माणसाचा एक पायच दहा किलोच्या घरात जातो. बचत म्हणून एकटीकडून उचलून घेतले, तर रुग्णाची जखम आणि तिच्या कमरेचे दुखणे अशी दोन बिले मागाहून येतात. अर्थात मर्यादेचा अतिरेकही नको. इंग्लंडमध्ये ईस्ट ससेक्समधल्या दोन अपंग बहिणींच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने २००३ साली बजावले, की ‘हातांनी उचलायचेच नाही’ असा सरसकट नियम चालणार नाही. सेवकाची सुरक्षितता आणि रुग्णाचा सन्मान दोन्ही तोलले पाहिजेत.

आपल्याकडचा कायदा या बाबतीत तिरपागडा आहे. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली व्ही. पी. शांता खटल्यात ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली. १९९८ च्या स्प्रिंग मेडोज निकालात नर्सने दिलेल्या इंजेक्शनमुळे मुलाच्या मेंदूला झालेल्या इजेची भरपाई हॉस्पिटलवर आली. तत्त्व सरळ आहे: नोकराच्या कामातल्या चुकीला मालक उत्तरदायी. तेव्हा ‘आमच्या आयाने लक्ष दिले नाही’ एवढे म्हणून हॉस्पिटलला हात झटकता येऊ नयेत. फौजदारी बाजू मात्र वेगळी. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ प्रमाणे निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. उपचार करणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत. मावशी डॉक्टर नसल्याने तिला ही सवलत नाही. अमेरिकेत नर्सिंग होममधल्या सहायकांना १९८७ च्या कायद्याने किमान ७५ तासांचे प्रशिक्षण सक्तीचे केले आणि राज्याच्या नोंदवहीत त्यांची नावे घालायला लावली. आपल्याकडे ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ हा अभ्यासक्रम आहे, पण तो न करताही ब्यूरोतून कामाला लागता येते. म्हणजे शिक्षा देणाऱ्या कायद्याला ती दिसते, शिकवणाऱ्या व्यवस्थेला दिसत नाही.

मग तिची स्वतःची काहीच जबाबदारी नाही का? आहे. हात लावण्याआधी विचारावे, काय करणार ते सांगावे, पडदा ओढावा, पलंगाच्या आणि व्हीलचेअरच्या चाकांना ब्रेक लावावा. लाल जागा दिसली की लगेच सिस्टरच्या कानावर घालावी, रुग्ण पडला तर लपवू नये. जे शिकवलेले नाही ते करू नये. पण ‘एकटीने उचलणार नाही’ असे म्हणायची मुभा असेल, तरच हे कर्तव्य न्याय्य ठरते.

सुरुवात फार साधी आहे. पलंगाच्या पायथ्याशी एक तक्ता टांगावा: वेळ, कूस, कातडीची अवस्था, आणि शेवटच्या रकान्यात कूस बदलणारीची सही. रात्री दोन वाजता वळवले नाही, तर तो रकाना तिला जाब विचारेल. आणि पस्तीस रुग्णांच्या वॉर्डात त्या रात्री ती एकटीच होती, हेही तोच रकाना सांगेल.