जुन्या टू-स्ट्रोकचा आवाज आणि कार्बन: बोअर करण्याआधी हे तपासा



वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव या भागात ज्यांना स्वतःचं गॅरेज टाकायचं आहे, त्यांच्यासाठी आजचा विषय. नवी गाडी वॉरंटीत असेपर्यंत शोरूमलाच जाते. पण आरएक्स १००, राजदूत, येझदी, लुना, चेतक अजून जपून ठेवणारा माणूस चांगला मिस्त्री शोधत फिरतो. हा ग्राहक टिकवायचा तर एक गोष्ट यायलाच पाहिजे: इंजिन उघडण्याआधी रोग ओळखणं.

समजा, सेलूकडचे एक काका आरएक्स १०० घेऊन आले. "आवाज येऊन राह्यला भाऊ, पिकअपबी नाही. एकानं हाफ इंजिन सांगितलं." तुम्हीही लगेच हो म्हणाल, तर त्या दिवसाचा गल्ला भरेल. पण बघा, आरएक्स १०० आली १९८५ मध्ये आणि बंद झाली १९९६ मध्ये. तिचा ओरिजिनल सिलिंडर आता सहज मिळत नाही. सिलिंडर पाव-पाव मिलिमीटरने मोठा करत जायचा, म्हणजे मोजकेच बोअर हातात असतात. गरज नसताना एक बोअर मारला, की काकांच्या गाडीचं आयुष्य तेवढं कमी झालं. आणि दोष नुसता कार्बनचा निघाला, तर तुमचं नावही गेलं.

कार्बन येतो कुठून?

टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबर आत जातं आणि जळतं. पूर्ण न जळलेलं ऑइल काजळी होऊन पिस्टनच्या डोक्यावर, हेडमध्ये, एक्झॉस्ट पोर्टमध्ये आणि सायलेन्सरच्या आतल्या नळीत बसतं. जिथे ऑइल जळतं, तिथे हा त्रास असतोच. पिस्टनऐवजी फिरता रोटर असलेली सुझुकीची आरई ५ (१९७४) किंवा नॉर्टनची क्लासिक (१९८७) घ्या. त्यांतही सीलसाठी ऑइल जाळावं लागतं, आणि कार्बनमुळे सील अडकू शकतात.

आपल्याकडे कारणं साधी असतात. "जास्त ऑइल टाकलं की इंजिन टिकते" हा समज, टू-टी ऑइलऐवजी फोर-स्ट्रोकचं ऑइल, तुंबलेला एअर फिल्टर, आणि घर ते बाजार एवढंच चालवणं. हिशोब लक्षात ठेवा: २० ला १ म्हणजे लिटरला ५० मिली, ४० ला १ म्हणजे २५ मिली. आपल्या गाडीचं प्रमाण कंपनीच्या पुस्तकात बघायचं, अंदाजाने ओतायचं नाही. कमी टाकलं तर इंजिन सीझ होतं, हेही विसरू नका.

आवाज ओळखायचा क्रम

१. आधी बाहेरचं बघा. सायलेन्सरचा क्लॅम्प, इंजिनचे माउंटिंग बोल्ट, नंबर प्लेट, फिनमधले रबर. कितीतरी "इंजिनचे" आवाज इथेच मिटतात.

२. गाडी थंड असताना सुरू करा. थंडीत खडखड आणि गरम झाल्यावर कमी, तर पिस्टन आणि सिलिंडरमधली गॅप वाढल्याचा संशय.

३. क्लच दाबा. आवाज बदलला तर दोष क्लचच्या बाजूला शोधा.

४. चढावर किंवा डबलसीट चालवा. लोड आल्यावरच टिंग-टिंग असा बारीक आवाज येत असेल, तर कार्बन, चुकीचं टायमिंग किंवा पेट्रोल कमी मिळणं, या तीन गोष्टी तपासा. हेडमध्ये कार्बन साचला की जागा कमी होते, दाब वाढतो, आणि तापलेला कणच ठिणगीआधी पेट्रोल पेटवतो. मे महिन्याच्या उन्हात हा आवाज जास्त येतो.

५. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाजवळ धरा. फिरत्या भागांपासून हात आणि कपडे लांब ठेवा. वर सिलिंडरपाशी बारीक टक-टक म्हणजे पिस्टन पिनचं बेअरिंग. खालून जड ठक-ठक म्हणजे कनेक्टिंग रॉड. वेगाबरोबर वाढणारी घरघर म्हणजे क्रँकचे बेअरिंग.

सायलेन्सर चोक आहे का?

गाडी सुरू नीट होते, जागेवर चालते, पण एका वेगापुढे ओढतच नाही आणि लवकर तापते, ही चोकची खूण. इंजिन थंड झाल्यावर सायलेन्सरची आतली नळी काढा. भोकं काळ्या, चिकट थराने बुजलेली दिसतील. सायलेन्सर उतरवून टॉर्चने पोर्टमध्येही बघा.

नळी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात साफ होते, पण हातमोजे आणि चष्मा घालूनच. सोडा हळूहळू पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही. हेड आणि पिस्टन ॲल्युमिनियमचे, त्यांना हा सोडा खातो, म्हणून ते त्यात कधीच बुडवू नका. तिथे लाकडाची किंवा बांबूची चपटी पट्टी वापरा. पोर्ट साफ करायचा तर सिलिंडर उतरवूनच. रिंग परत बसवताना तिचं तोंड खाचेतल्या पिनवरच आलं पाहिजे. गॅस्केट नवीन टाका आणि हेडचे नट आडवे-तिरपे, थोडे-थोडे आवळा.

सिलिंडर उतरलाच आहे, तर रॉड धरून वर-खाली हलवा. बाजूला थोडी हालचाल चालते, वर-खाली अजिबात नको. वर-खाली हलला तर फुल इंजिनचं काम. गॅप लेथवाल्याकडून मोजून घ्या. माप कंपनीच्या मर्यादेबाहेर असेल तरच बोअर.

यात धंदा कुठे आहे?

तपासणीची फी वेगळी लावा आणि ती आधीच सांगा. फी नसेल, तर कमाईसाठी मोठं काम काढायचा मोह होतो. जॉब कार्डावर तीन ओळी लिहा: आवाज कधी येतो, काय तपासलं, काय सापडलं. निघालेला कार्बन आणि जुना पार्ट काकांना दाखवा, नेत असतील तर देऊन टाका. बोअर खरंच लागणार असेल, तर माप कागदावर दाखवून सांगा. मग काकाही पैशाला मागेपुढे बघत नाहीत.

हाफ इंजिनचं बिल एकदाच मिळतं. "याने माझा खर्च वाचवला" असं काका गावात जाऊन सांगतात, तेव्हा त्यांच्यामागे दुसरी गाडी येते. या आठवड्यात एक जुनी गाडी घ्या, हे पाच टप्पे वहीत लिहून करून बघा.