रविवारच्या रक्तदान शिबिराला येण्याआधी हे वाचा



येत्या रविवारी सकाळी 9 वाजता सोसायटीच्या हॉलमध्ये रक्तदान शिबिर आहे. 1 जून ते 31 जुलै बंदी असल्याने ट्रॉलर जेटीला लागलेत, म्हणून हीच वेळ धरली. गेल्या वर्षी रांग मोठी लागली, पण बऱ्याच जणांना डॉक्टरांनी परत पाठवलं आणि राग माझ्यावर निघाला. "सेक्रेटरी, मग बोलावलंत कशाला?" म्हणून यंदा आधीच सांगतो.

वय 18 ते 65, पहिल्यांदाच देणारा असेल तर 60 च्या आत. वजन निदान 45 किलो. साधारण 350 मिली रक्त घेतात, वजन 55 किलोच्या वर असेल तर 450 मिली घेता येतं. मागच्या रक्तदानाला पुरुषांचे 90 आणि बायकांचे 120 दिवस झालेले हवेत. हिमोग्लोबिन 12.5 लागतं. इथेच आपल्या मासळी विकणाऱ्या बायका अडकतात. पहाटे नुसत्या चहावर बाजारात जायचं, जेवण दुपारी तीनला, मग दुसरं काय होणार? परत पाठवलं तर लाज वाटून घेऊ नका, तोच आकडा घेऊन आरोग्य केंद्रात जा. लोहाच्या गोळ्या तिथे मिळतात.

आता आपल्या धंद्याची गोष्ट. रक्त दिल्यावर 24 तास समुद्रात जायचं नाही, जड कामही नाही. नियमच तसा आहे. रक्तातलं पाणी एक-दोन दिवसांत भरून येतं, तांबड्या पेशी भरायला मात्र काही आठवडे लागतात. माझा चुलत भाऊ सकाळी रक्त देऊन संध्याकाळी होडी घेऊन गेला. जाळं ओढताना डोळ्यांपुढे अंधारी आली. सोबत दुसरा माणूस होता म्हणून निभावलं, एकटा असता तर पाण्यातच गेला असता.

उपाशी येऊ नका. उपवास असेल तर पुढच्या शिबिराला या. घरून पेज खाऊन, भरपूर पाणी पिऊन निघा. शनिवारची रात्र कोरडी ठेवा आणि नीट झोपा.

डॉक्टर विचारतील ते खरं सांगा, हे सगळ्यात महत्त्वाचं. मलेरिया होऊन बरे झालात तरी 3 महिने थांबावं लागतं, डेंग्यूनंतर 6 महिने. शिंगाळ्याचा काटा लागून टिटॅनसचं इंजेक्शन घेतलं असेल तर 14 दिवस. हातावर गोंदलं असेल तर 12 महिने. भेटवस्तूसाठी कोणी लपवू नये, ती पिशवी कुठल्या तरी बाळंतिणीला नाहीतर अपघातातल्या पोराला लागणार आहे.

प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग व मलेरियासाठी तपासणी होते. पण लागण अगदी ताजी असेल तर ती तपासणीत सुटू शकते. म्हणून स्वतःची तपासणी करून घ्यायला रक्तदानाला येऊ नका. सरकारी इस्पितळात एचआयव्हीची तपासणी फुकट होते, नाव कुठे जात नाही.

सुई काढल्यावर निदान 15 मिनिटं बसा, दिलेलं खा. घाईने उठणाराच पडतो.

बोटमालकांना एक विनंती. खलाशी स्वतःहून येत असेल तरच पाठवा, जबरदस्ती नको. आणि रविवारी रक्त दिलेल्या माणसाला सोमवारी सकाळी बोट ओढायला किंवा तळ खरवडायला लावू नका. त्याला जाळं शिवायला बसवा.

येताना ओळखपत्र आणा.

— सेक्रेटरी