गिऱ्हाइकाचा नकार आणि विक्रेत्याचा धीर

पेरलेले प्रत्येक बी उगवत नाही, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. नांगा पडल्या तर तो त्या भरून काढतो. कपाळाला हात लावून बांधावर बसत नाही. परंतु हाच शेतकरी आपला माल घेऊन बाजारात बसला आणि चार गिऱ्हाइके पाठ फिरवून गेली, की त्याचा धीर सुटतो. मग मिळेल त्या भावाने माल देऊन तो घरी परततो. वर्षभराच्या कष्टांचे मोल अशा वेळी एका घटकेत उणे होते.

जुलै २०१६ मध्ये महाराष्ट्रात फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून वगळण्यात आला. तेव्हापासून थेट विक्रीची वाट अधिक मोकळी झाली. परभणी, सेलू, मानवत, गंगाखेड येथे भाजी, ज्वारी, डाळ किंवा पापड घेऊन बसणाऱ्या शेतकऱ्यांना व बचत गटांतील भगिनींना म्हणूनच विक्रीची कला अवगत करून घेणे अगत्याचे आहे. या कलेचा पाया म्हणजे नकार पचविण्याची शक्ती होय.

संकरित ज्वारीचा धडा

या बाबतीत आपल्या भागाला एक जुना अनुभव आहे. सी.एस.एच.-१ हा संकरित ज्वारीचा पहिला वाण १९६४ मध्ये प्रसारित झाला. उत्पन्न अधिक, तरीही अनेक शेतकऱ्यांनी मान हलविली. कार्यकर्त्यांपैकी जे त्यांना हट्टी समजले, त्यांचे काम तेथेच थांबले. ज्यांनी कारण विचारले, त्यांना उत्तर मिळाले. ताट बुटके, म्हणून कडबा कमी. मग बैलांनी खावे काय? कणीस पावसात सापडले की बुरशीने दाणे काळे पडत. भाकरीलाही गावरान ज्वारीची गोडी नव्हती. यांतील एकही तक्रार खोटी नव्हती. पुढील वाणांच्या संशोधनात कडबा, दाण्याची प्रत आणि रोगप्रतिकार यांकडे लक्ष द्यावे लागले, ते याच कारणांमुळे. शेतकऱ्याच्या नकारात अशी मोलाची माहिती दडलेली होती.

परदेशातील अनुभवही असाच आहे. अमेरिकेच्या आयोवा राज्यात संकरित मक्याचा प्रसार कसा झाला, याचा अभ्यास ब्राइस रायन व नील ग्रॉस यांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध केला. पाहणीतील २५९ शेतकऱ्यांपैकी दोघे वगळता सर्वांनी ते बियाणे अखेर स्वीकारले. परंतु त्यास सुमारे एक तप लागले. सुमारे निम्म्या शेतकऱ्यांना बियाण्याची पहिली वार्ता विक्रेत्याकडून कळली होती. पण निर्णय घेताना शेजाऱ्याच्या अनुभवाचे वजन अधिक पडले. पहिल्याच वर्षी सारे शेत त्याखाली आणणारे विरळाच. बहुतेकांनी आधी थोड्या जागेत पाहून घेतले. तात्पर्य, आजचा नकार हा पुष्कळदा "अद्याप नाही" एवढाच असतो.

बाजारात बसताना

पहिली गोष्ट, नकार मालाला आहे, आपल्याला नाही, हे मनाशी पक्के करावे. गिऱ्हाईक निघून जाऊ लागले तर त्याला टोचून बोलू नये, "काय कमी वाटले, ताई?" एवढेच विचारावे. उत्तर मिळाले तर आभार मानावेत. रुसून गेलेले गिऱ्हाईक परत येत नाही. हसतमुखाने निरोप दिलेले पुढच्या बाजारी पुन्हा थांबते.

दुसरी गोष्ट, एक लहान वही ठेवावी. किती जणांनी भाव विचारला, किती जणांनी माल घेतला आणि न घेणाऱ्यांनी कोणते कारण दिले, हे त्याच संध्याकाळी लिहावे. तीन-चार बाजारांत एकच कारण वारंवार दिसले तर तो आपला दोष समजावा. ज्वारीत खडे असतील तर चाळून निवडावी; दाणा ओला असेल तर वाळवावा; पाच किलो नको असेल तर एक किलोची पिशवी करावी. भाकरीची चव बोलण्याने पटत नाही. म्हणून नवख्या गिऱ्हाइकाला मूठभर नमुना द्यावा.

तिसरी गोष्ट, काटा पडताळणी केलेला असावा आणि वर एक, खाली एक असा माल कधीही भरू नये. धीराला सचोटीची जोड नसेल तर तो केवळ चिकटपणा ठरतो.

धीराची मर्यादा

तथापि, प्रत्येक नकाराचा दोष विक्रेत्यावर टाकणे अन्यायाचे होईल. एकाच दिवशी टोमॅटोच्या गाड्या लोटल्या तर गोड बोलण्याने भाव चढत नाही. अशा वेळी खर्चाचा हिशेब समोर ठेवावा. टिकणारे धान्य, साठवणुकीची सोय असल्यास, राखून ठेवावे. नाशवंत माल गटाने एकत्र करून दुसऱ्या बाजारी न्यावा. एकट्याला जो नकार जड जातो, तो पाच जणांत वाटला की हलका होतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. तेही नवा विचार दारोदार नेणारे विक्रेतेच आहेत. गटातील भगिनी पहिल्या बाजारातून रिकाम्या हाताने परतली तर तिला उपदेश करू नये. तिची वही उघडून तिच्याबरोबर बसावे आणि पुढच्या बाजारी घटकाभर तिच्या शेजारी उभे राहावे.

दुबार पेरणीची वेळ आली तरी शेतकरी शेत सोडीत नाही. बाजारातील आपली जागाही त्याने तशीच राखावी.