शिकार पडल्यानंतरची गाडी

एल्क जातीच्या हरणाचा पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोच्या घरात जातो. कोलोरॅडोच्या डोंगरात तो एकदा पडला की नेमबाजी संपते आणि हमाली सुरू होते. जागेवरच सोलून हाडं काढली तरी शंभर किलोच्या आसपास मांस उरतं, आणि रस्ता असतो कित्येक किलोमीटर लांब. जाड टायरांची, मोटारसायकलसारखं हँडल धरून चालवायची ती चारचाकी, म्हणजे एटीव्ही, अमेरिकेतल्या शिकाऱ्यांना इतकी हवीशी का वाटते, ते या हमालीकडे बघितल्यावर कळतं.

म्हणूनच शोरूममध्ये शिरल्या शिरल्या अश्वशक्तीची चौकशी करणारा शिकारी मला जरा कच्चा वाटतो. शिकारीच्या गाडीला वेगाचं काम फारसं नाहीच. कडाक्याच्या थंडीत पहाटे बटण दाबताच ती सुरू झाली पाहिजे, आणि संध्याकाळी ओझं लादून ओल्या उतारावरून बिनबोभाट खाली आली पाहिजे. या दोन कसोट्यांवर माझं मत होंडाच्या फोरट्रॅक्स रँचरला. दिसायला ही गाडी अगदीच नीरस आहे, हे आधीच कबूल.

होंडा या धंद्यात आली तीही व्यवहारापोटी. हिवाळ्यात मोटारसायकली खपत नाहीत, तेव्हा विकायला दुसरं काहीतरी द्या, असं अमेरिकेतल्या विक्रेत्यांचं मागणं होतं. ओसामु ताकेउची या अभियंत्याने दोनपासून सहा चाकांपर्यंतचे नमुने करून पाहिले आणि तीन चाकांवर शिक्कामोर्तब केलं. १९७० सालचं ‘यूएस ९०’ हे ते मॉडेल. पुढच्याच वर्षी ‘डायमंड्स आर फॉरएव्हर’मध्ये जेम्स बाँडने ती पळवली. पडद्यावर छान दिसली, पण तीन चाकं वळणावर दगा देत. अपघात वाढत गेले आणि १९८८ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाशी झालेल्या समझोत्यानुसार होंडासह पाच कंपन्यांनी नव्या तीनचाकींची विक्री थांबवली. तोवर सुझुकीने चार चाकांची क्वाडरनर आणली होती, आणि १९८६ मध्ये चारही चाकांना जोर देणारी होंडाची टीआरएक्स ३५० आली. रँचर तिच्याच घराण्यातली.

२००७ पासूनच्या रँचरमध्ये ४२० सीसीचं एका सिलिंडरचं, पाण्याने थंड होणारं इंजिन आहे. ते गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं असतं. त्यामुळे पुढच्या आणि मागच्या चाकांकडे जाणारे शाफ्ट सरळ निघतात. चेन नाही, त्यामुळे ती ताणणं नाही, तुटणं नाही. आणि मुख्य म्हणजे पट्टा नाही. पाच गिअर, क्लच आपोआप चालणारा; काही मॉडेलांत गिअर पायाने बदलायचे, काहींत अंगठ्याखालच्या बटणांनी.

बाजारातल्या बहुतेक एटीव्ही मात्र गिअर बदलण्याऐवजी रबरी पट्ट्यावर चालतात. पोलॅरिसने १९८५ मध्ये ट्रेल बॉस या गाडीत ही पद्धत आणली आणि तीच लोकप्रिय झाली, कारण चालवायला सोपी: थ्रॉटल दाबा आणि निघा. पण जड ओढगाडी जोडून, लो गिअर न घालता चिखलातून रखडत गेलं की पट्टा तापतो, आणि त्याच्या पेटीत पाणी शिरलं की घसरतो. पट्टेवाल्यांवर अन्याय नको म्हणून सांगतो, यामाहाची रचना पट्टा ताठ ठेवते आणि उतारावर इंजिनचा ब्रेकही चांगला लावते. तरीसुद्धा जंगलात राहून पट्टा बदलायची ज्याची तयारी नाही, त्याने गिअरची गाडी घ्यावी.

आता ओझ्याचा हिशेब. रँचरच्या पुढच्या रॅकवर ३० किलो आणि मागच्या रॅकवर ६० किलो, एवढीच परवानगी आहे. म्हणजे एल्क एका खेपेत बसतच नाही. तो ओढगाडीत घालावा, नाहीतर दोन खेपा कराव्यात. होंडाच्याच फोरमन आणि रुबिकॉन मॉडेलांच्या रॅकवर पुढे ४५ आणि मागे ८५ किलोपर्यंत चालतं. हे आकडे कागदावरचे म्हणून सोडून देणारे महाभाग असतात. मागे जास्त लादून चढ चढायला लागलं की पुढची चाकं हलकी होतात, आणि गाडी चालवणाऱ्याच्या अंगावर उलटते.

मागचा अख्खा आस की प्रत्येक चाकाला वेगळं सस्पेन्शन, हा वाद शिकाऱ्यांत कायमचाच. अख्ख्या आसात सुटे भाग कमी, आणि ओझ्याखाली गाडी कमी दबते. मात्र मागची दोन्ही चाकं एकत्रच फिरत असल्याने वळताना अंग आतल्या बाजूला झुकवावं लागतं. दिवसभर ट्रेलवर फिरायचं असेल, तर पाठीच्या भल्यासाठी वेगळ्या सस्पेन्शनचं मॉडेल घ्यावं.

ट्रेलचा विषय निघालाच आहे तर रुंदीही मोजावी. अमेरिकी वन खात्याच्या अनेक ट्रेलवर ५० इंचांपेक्षा रुंद वाहनाला मज्जाव असतो. शेजारी बसायची सोय असलेल्या मोठ्या गाड्या बऱ्याचदा तिथेच अडतात. रँचर निघून जाते. शिवाय २००५ च्या नियमानुसार वन खात्याच्या जमिनीवर नेमून दिलेल्या वाटाच वापरायच्या असतात. पडलेलं जनावर आणायला वाट सोडून गाडी घालायची मुभा अनेक ठिकाणी नाही, त्यामुळे शेवटचा टप्पा खांद्यावरच येतो. कोलोरॅडोत एटीव्हीवरून रायफल न्यायची तर ती पूर्ण रिकामी करून बंद आवरणात घालूनच. एकाच आसनाच्या गाडीवर मागे दुसऱ्याला बसवणं हे तर संकटाला आमंत्रण.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हौसेच्या शिकारीचा प्रश्नच उरत नाही. एटीव्ही दिसते ती नागाव-काशीदच्या वाळूत पर्यटकांना फिरवताना, आणि खारी हवा तिचे सांधे खात असते.

सेकंडहँड घेणाऱ्याने रंग-चमक बघू नये. एअर फिल्टरची पेटी उघडून आत चिखलाचे थर आहेत का ते बघावं. पुढचं चाक उचलून हलवावं. खुळखुळलं तर बेअरिंग गेलेलं असू शकतं. आसाच्या सांध्यांवरचे रबरी बूट फाटलेत का, तेही पाहावं. मग मागच्या आसावरच्या गिअरपेटीचं तेल थोडं काढून तपासावं. ते दुधाळ निघालं तर आत पाणी शिरलंय, आणि गाडी बहुधा कधीतरी ओढ्यात बुडालेली आहे. अशा वेळी विकणारा गाडी ‘फक्त रविवारी चालवायचो’ म्हणाला, तर किमतीची बोलणी करत न बसता परत फिरावं.