मोतीबिंदू काढल्यावर बुबुळाची ओळख

बुबुळावरून माणूस ओळखण्याची पद्धत डोळ्यांच्या डॉक्टरांनीच पुढे आणली. लिओनार्ड फ्लोम आणि ॲरन सफीर या अमेरिकी नेत्रतज्ज्ञांना १९८७ मध्ये तिचं पेटंट मिळालं. केंब्रिजच्या जॉन डॉगमन यांनी १९९० नंतर ती गणितात बसवली. बुबुळाची नक्षी जन्मभर तशीच राहते, हा तिचा पाया. निरोगी डोळ्यापुरता तो पक्काच आहे.

शस्त्रक्रियेचा प्रश्न २००४ मध्ये ब्राझीलच्या डॉक्टरांनी हाती घेतला. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी आणि नंतर त्यांनी ५५ डोळे तपासले. सहा डोळे यंत्राने नंतर ओळखले नाहीत. मोतीबिंदू बुबुळामागच्या भिंगात असतो, त्यामुळे तिथे पोचायची वाट बाहुलीतूनच जाते. थेंब घालून ती मोठी करतात. वय झालेल्या डोळ्यात ती हट्टी निघाली, तर बारीक आकड्यांनी ताणावी लागते. मग कधी काठ विरतो, कधी रंग उडतो, कधी बाहुली गोल राहत नाही. यंत्र बाहुलीच्या काठापासूनच मोजायला लागतं, म्हणून तो काठ सरकला की पुढचं सगळं मोजमाप सरकतं. चष्मा घालवणाऱ्या लॅसिकमध्ये तसं होत नाही, कारण ती शस्त्रक्रिया फक्त पारपटलावर होते. काचबिंदूत मात्र बुबुळालाच लेसरने भोक पाडायची वेळ येऊ शकते.

२०१० मधल्या एका छोट्या अभ्यासाने दिलासा दिला: शस्त्रक्रिया सुरळीत झाली तर नक्षी टिकते, खरा अडथळा थेंबांनी फाकलेल्या बाहुलीचा. संयुक्त अरब अमिरातीच्या सीमेवर हद्दपार केलेले काही लोक यंत्राला चकवायला असेच थेंब घालून येत.

त्याच वर्षी, २९ सप्टेंबरला, नंदुरबारच्या टेंभली गावात पहिलं आधार दिलं गेलं. दहा बोटांसोबत दोन्ही बुबुळं घेतली, हे मला फार शहाणपणाचं वाटतं: कष्टाने झिजलेल्या बोटांना आधार मिळाला आणि एका डोळ्याचं ऑपरेशन झालं तरी दुसरा उरला. पण म्हातारपणी दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू निघतात, आणि नोंद जुनीच राहते. २०१४ मध्ये पेन्शनरांसाठी हयातीचा डिजिटल दाखला आला, तेव्हा यंत्रासमोर बसणारे बहुतेक याच वयाचे होते. २०२१ पासून चेहराही चालू लागला, ही मोठी सोय झाली.

तरी डिस्चार्जच्या कागदावर थेंबांच्या वेळांखाली एक ओळ हवी: डोळा पूर्ण बरा झाला की आधार केंद्रावर जाऊन बुबुळं पुन्हा नोंदवा.